कचेरीत घर मावेल का?

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्याने जाताना सिमेंटच्या, सरळ रेघांच्या जुन्या इमारतींकडे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे का? अशी एखादी कचेरी ओस पडली, की "पाडा आणि नवी बांधा" असे सहज म्हटले जाते. पण तिच्यातच घरे, दुकाने आणि वाचनालय करता आले तर?

मुंबईची २३ मजली एअर इंडिया इमारत पाहा. वास्तुविशारद जॉन बर्गी यांची ही वास्तू १९७४ साली पूर्ण झाली. पुढे विमान कंपनीचे मुख्यालय दिल्लीला गेले. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले, ते सरकारी कचेऱ्यांसाठी. कचेरीच्या जागी कचेरी, हा बदल सोपा. कचेरीचे घर करायचे, तर तीन प्रश्न सोडवावे लागतात.

पहिला भाराचा. भारतीय मानकाप्रमाणे घराची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार पेलेल अशी धरतात. कचेरीची किमान २५०, पुस्तकांच्या कपाटांखालची किमान ६००. म्हणजे वरच्या मजल्यांवर घरे चालतील. वाचनालय मात्र तळमजल्यावरच बरे.

दुसरा भिंतींचा. काँक्रीटच्या सांगाड्यात भार खांब आणि तुळया वाहतात, म्हणून मधल्या भिंती हलवता येतात. मग दुकानांसाठी तळमजल्याच्या साऱ्या भिंती काढाव्यात का? नाही! भूकंपात याच भिंती इमारतीला आडवा आधार देतात. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादेतील तळमजला मोकळा असलेल्या कित्येक इमारती कोसळल्या. म्हणून आधी अभियंत्याची तपासणी हवी.

तिसरा उजेडाचा. खिडकीच्या माथ्याची जमिनीपासून जी उंची, तिच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच चांगला उजेड पोचतो. रुंद कचेरीचा मधला भाग अंधाराच राहतो. तिथे जिना, न्हाणीघरे आणि नळांचे उभे मार्ग ठेवावेत.

एवढा खटाटोप कशासाठी? सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. उभा सांगाडा वाचला, की तेवढे नवे सिमेंट वाचते.

करून पाहा : ढगाळ दिवशी वर्गातले दिवे बंद करा. खिडकीजवळ पुस्तक धरून एकेक पाऊल आत जा. अक्षरे कुठे अंधूक होतात? ते अंतर मोजा आणि त्याला खिडकीच्या माथ्याच्या उंचीने भागा. तुमच्या वर्गाचे उत्तर काय आले?