वरिष्ठाचें असत्य

कचेरींतील वरिष्ठानें खरें बोलावें हें कोणासहि अमान्य नाहीं. परंतु कारकुनाचें खोटें आणि वरिष्ठाचें खोटें यांतील भेद सहसा ध्यानांत येत नाहीं. कारकून खोटें बोलतो तो एकटा बोलतो. वरिष्ठाचें खोटें हाताखालच्या मंडळींस रोज वहींत उतरवावें लागतें.

हैदराबादची 'सत्यम' ही संगणक-कंपनी घ्या. (नांव ठेवणाऱ्याचें धाडस मोठें!) ७ जानेवारी २००९ रोजीं तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं संचालकांस पत्र लिहून कबूल केलें कीं, सप्टेंबर २००८ अखेर रोकड व बँकेंतील शिल्लक म्हणून दाखविलेल्या ५,३६१ कोटि रुपयांपैकीं ५,०४० कोटि अस्तित्वांतच नाहींत. त्या तिमाहीचा कामकाजाचा नफा दाखविला होता ६४९ कोटि. खरा होता ६१ कोटि.

एवढें विवर एका रात्रींत पडत नाहीं. पत्रांतील हकीकतीप्रमाणें आरंभीं खऱ्या व दाखविलेल्या नफ्यांत अंतर थोडेंच होतें. पण एकदां फुगविलेल्या आंकड्याहून पुढचा आंकडा कमी कसा दाखवावा? म्हणून तो अधिक फुगवावयाचा. आणि न मिळालेला नफा कोठें तरी पडून असलेला दिसला पाहिजे, म्हणून बँकेंतील शिल्लकहि फुगवावयाची. डिसेंबर २००८ मध्यें राजूंनीं आपल्या कुटुंबाच्या 'मायटास' कंपन्या 'सत्यम'ला घ्यावयास लावण्याचा घाट घातला, तो या काल्पनिक शिलकेच्या जागीं खरी मालमत्ता आणण्यासाठींच. भागधारकांनीं गिल्ला करतांच तो बेत सोडावा लागला.

आरंभींच 'नफा उतरला' असें प्रांजळपणें सांगितलें असतें तर भागांचा भाव पडला असता; राजूंचा हिस्सा थोडा असल्यानें कंपनी कदाचित् परक्या हातींहि गेली असती. किंमत लहान नव्हती, पण ती मुख्यतः त्यांनींच भरावयाची होती. पुढें ती अनेकांवर पडली. ग्राहकांच्या नांवें खोटीं बिलें कोणी तरी करावयास हवीं होतीं. एप्रिल २०१५ मध्यें विशेष न्यायालयानें १० जणांस दोषी ठरविलें, त्यांत राजूबंधूंबरोबर हिशेबखात्यांतील पगारी माणसें होतीं, आणि ज्यांनीं आंकडे पारखावयाचे ते लेखापरीक्षकहि होते. या प्रकरणांत मला सर्वांत खेदाची वाटते ती हीच गोष्ट.

जानेवारी २००९ मध्येंच सरकारनें जुनें संचालक मंडळ दूर करून दीपक पारेख, किरण कर्णिक प्रभृतींस नेमिलें. त्यांच्यापुढें तांतडीची विवंचना उभी राहिली ती ही कीं, हजारों नोकरांचा पगार आतां कोणत्या पैशांतून भागवावा.