माळवदाच्या पोटातली कडी

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद या बाजूला तुमचं आजोळ असेल, तर एक काम करा. जुन्या घरात दुपारी चटईवर उताणे पडा आणि वर बघा. आधी जाडजूड तुळया दिसतील. तुळयांवर ओळीनं टेकलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचण, आणि त्यावर मातीच माती! हेच आपलं माळवद. बाहेर अंगाची लाही होत असताना आत गार वाटतं ना? ती या मातीची करामत.

पण माती असते जड. अर्ध्या मीटरचा थर धरला, तर एका चौरस मीटरवर साधारण 800 किलो वजन येतं. म्हणजे तुमच्या वर्गातली पंचवीस-सव्वीस मुलं तेवढ्याशा जागेत खेटून उभी राहिली असं समजा. आणि ते सगळं पेलतं कोण? लाकूड! 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा बिदर आणि कलबुर्गीपर्यंत जमीन हादरली. किल्लारीच्या आसपास दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि हीच जड माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. डोक्यावरचं ओझं हलकं हवं, हे तेव्हापासून आपल्या भागात सगळ्यांना कळून चुकलं.

मग कमी लाकडात, कमी वजनात भक्कम कडी कशी करायची? दप्तर उघडा, उत्तर तिथेच आहे.

तीन सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड अशी पट्टी घ्या. दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मधे बोटानं दाबा. लगेच वाकली. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. हलतसुद्धा नाही! पट्टी तीच, पण उभी ठेवली की ती शंभर पट ताठ होते. कडीची उंची दुप्पट केली, तर ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. मला तर ही गोष्ट अजूनही जादूसारखी वाटते.

आता खोडरबराच्या बाजूवर पेनानं जवळजवळ उभ्या रेघा काढा. त्याची दोन्ही टोकं वर येतील असं वाकवा. वरच्या बाजूला रेघा जवळ आल्या, खालच्या बाजूला लांब गेल्या. आणि मधे? मधे जवळपास होत्या तशाच! म्हणजे वरचं लाकूड दाबलं जातं, खालचं ताणलं जातं आणि मधल्याला काम फार थोडं. मग मधे जाड लाकूड हवंच कशाला?

ज्वारीच्या धाटाला हे कधीपासून ठाऊक आहे. कठीण साल बाहेर, हलकं भेंड आत. म्हणून तर धाटाच्या बैलगाड्या करता येतात.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या ट्रस जॉइस्ट या कंपनीनं 1969 मध्ये अशीच एक कडी बाजारात आणली. तिचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा दिसतो. वर आणि खाली लाकडाच्या मजबूत पट्ट्या, मधे उभी पातळ फळी, जेमतेम सेंटिमीटरभर जाड. पट्ट्यांसाठी खोड शार्पनरमध्ये फिरवल्यासारखं सोलतात आणि ते पापुद्रे एकावर एक चिकटवतात. एखाद्या पापुद्र्यात गाठ असली तरी शेजारचे पापुद्रे सांभाळून घेतात. मधली फळी बहुधा लाकडाचे कपचे डिंकासारख्या रसायनात दाबून केलेली असते. त्याला जुना महावृक्ष लागत नाही, भराभर वाढणारी बारीक झाडं पुरतात. ही कडी लांबलचक आणि सरळ मिळते, दोन माणसं ती सहज उचलतात, आणि ओल्या लाकडासारखी ती वाळताना पिळवटत नाही. तुमचा एखादा मामेभाऊ अमेरिकेत राहत असेल, तर त्याच्या घरातल्या जमिनीखाली ती असूही शकेल.

तिच्या खोड्याही आहेत बरं का. मधली फळी पातळ, म्हणून आगीत ती लवकर जळते. खालून जिप्समचे तक्ते लावून तिला झाकावं लागतं. पाण्यात भिजत ठेवली तर ती बिघडते. तारा-नळांसाठी मधल्या फळीला नेमून दिलेल्या ठिकाणीच भोक पाडायचं असतं, वरच्या-खालच्या पट्टीला तर कधीच नाही. का ते रबर पुन्हा वाकवून सांगा पाहू!

आणि आजोळी गेलात, की चटईवरून उठायच्या आधी बघून ठेवा. त्या जुन्या सुतारानं कड्या आडव्या टाकल्या आहेत की कडेवर उभ्या?