विदूषकांची शाळा

अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीतले विदूषक म्हातारे होत चालले, नवे मिळेनात. म्हणून मालक आयर्विन फेल्ड यांनी १९६८ मध्ये फ्लोरिडातल्या व्हेनिसला क्लाउन कॉलेज काढलं. शिकवणी फुकट, हे फार मोलाचं. शिकवायला लू जेकब्ससारखे रिंगणात मुरलेले कलावंत. पडायचं कसं, थोबाडीत खायची कशी, इथपासून तालीम. रंगभूषाही स्वतःच करायची: रंग चढला की पावडर भरलेला मोजा चेहऱ्यावर थापटायचा, म्हणजे घामातही रंग टिकतो. अखेरीस प्रेक्षकांपुढे प्रयोग. सर्कशीचं कंत्राट त्यावरच ठरे. १९७० मध्ये पेगी विल्यम्स यांनी ते मिळवलं. कॉलेजातून सर्कशीत गेलेली ही पहिली स्त्री. १९९७ मध्ये कॉलेज बंद झालं.