आपल्या गावात पाऊस किती पडला?

हवामानाविषयी बोलायला आम्ही खेड्यांतील शाळांमध्ये जातो, तेव्हा एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘जिल्ह्यात काही ठिकाणी पाऊस’ असा अंदाज होता आणि आमच्याकडे दिवसभर ऊन! मग अंदाज चुकला का?

हवामान खात्याच्या परिभाषेत ‘काही ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील २६ ते ५० टक्के केंद्रांवर, तर ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. निम्मी किंवा अधिक केंद्रे कोरडी राहतील, हे अंदाजातच सांगितलेले असते. आपले गाव त्यांपैकी असले, तर अंदाज बरोबरच आला!

पाऊस असा ठिकाणागणिक का बदलतो? पहिले कारण डोंगर. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीवर चढताना थंड होते आणि पाऊस देते. पलीकडे उतरताना ती तापते व ढग विरतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला सुमारे २५ किलोमीटरवरील वाईला १,००० मिलिमीटरही पडत नाही. दुसरे कारण ढगांचा आकार. वळवाचा ढग अनेकदा काही किलोमीटरच रुंद असतो. एका शिवारात ओढे वाहतात, शेजारच्या गावात धूळ उडते.

संगणक अंदाज काढताना भूभागाचे चौकोन पाडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेल्या व २०२५ मध्ये सुरू झालेल्या प्रणालीने चौकोनाची बाजू १२ वरून ६ किलोमीटरवर आणली. ही मोठीच प्रगती आहे. तरीही ३६ चौरस किलोमीटरला एकच आकडा मिळतो. तो आपल्या गावाला कितपत लागू पडतो, हे गावातील नोंदच सांगू शकेल.

या नोंदीला पैशाचेही मोल आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. पण आपल्या शिवारात तेवढा झाला की नाही, हे कोण मोजतो? नुसत्या नजरेने ठरवून फसलो, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो.

पर्जन्यमापक शाळेतच करता येईल. तोंडाचा व्यास १२ सेंटिमीटर असलेले नरसाळे ६ सेंटिमीटर आतील व्यासाच्या सरळ, सपाट तळाच्या बाटलीवर बसवावे. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. म्हणून बाटलीत ४० मिलिमीटर पाणी साठले, तर पाऊस १० मिलिमीटर झाला. बाटली झाडे-भिंतींपासून दूर, मोकळ्यावर ठेवावी. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून ओतून द्यावे. पाऊस नसेल त्या दिवशी ‘०’ लिहावे. मोजायचे राहिले, तर जागा रिकामी सोडावी. या दोहोंचा अर्थ अगदी वेगळा आहे. सुट्टीतही मुलांच्या पाळ्या लावाव्यात.

बेरजेइतकेच महत्त्व वाटपाला आहे. समजा, दोन्ही वर्षी ६०० मिलिमीटर पाऊस झाला. पण एका वर्षी तो ४५ दिवसांत विखुरला, तर दुसऱ्या वर्षी २५ दिवसांतच उरकला आणि मध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला. सरासरी सारखीच, पीक मात्र सारखे येणार नाही. असे खंड केव्हा पडतात, हे आठ-दहा वर्षांची वही दाखवू लागते. हवामानाची सरासरी ३० वर्षांच्या नोंदींवरून काढण्याचा प्रघात आहे. आज पाचवीतल्या मुलीने सुरू केलेली वही तिची मुले शाळेत जातील तेव्हा गावाच्या कामी येईल. मात्र मधली पाने कोरी राहता कामा नयेत.