बिघडलेल्या केशकर्तनाची कैफियत

दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलाच्या केशकर्तनालयात २०१८ साली एका स्त्री-ग्राहकाने केस खालून चार इंच कमी करावयास सांगितले आणि कारागिराने, तिच्या फिर्यादीत नमूद असल्याप्रमाणे, वरून चार इंच तेवढे शिल्लक ठेवले. मामला राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे गेला. आयोगाने २०२१ साली दोन कोटी रुपयांच्या नुकसानभरपाईचा हुकूम दिला. आणि एवढ्या मोठ्या रकमेला पुराव्याचा आधार कोणता, असा रास्त प्रश्न करून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ती रक्कम रद्द ठरवली व भरपाईचा मुद्दा फेरविचारासाठी आयोगाकडे परत धाडला. त्या वादाचे गुणदोष ठरवण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. चार इंच केसांसाठी देशातील सर्वोच्च न्यायासनाचा वेळ खर्ची पडावा हे ज्यांना हास्यास्पद वाटत असेल, त्यांनी सोळा-सतरा वर्षांचे मूल सलूनातून घरी परतून थेट न्हाणीघरातील आरशाकडे धाव घेते, तो क्षण कधी पाहिलेला नसावा, एवढेच येथे म्हणतो.

बहुसंख्य लोक अर्थात आयोगाकडे जात नाहीत. ते टोपी घालतात, घरच्यांशी अबोला धरतात, किंवा, जे सर्वांत घातक, शिवणाच्या पेटीतील कात्री काढून स्वतःच दुरुस्तीस प्रवृत्त होतात. उजवीकडचे केस थोडे अधिक दिसतात म्हणून उजवीकडून कापायचे, मग डावीकडचे अधिक दिसू लागतात म्हणून डावीकडून, असा हा उद्योग दोन मांजरांचे लोणी समसमान वाटून देणाऱ्या माकडाच्या न्यायनिवाड्याप्रमाणे चालतो आणि अखेरीस तराजूत काहीच उरत नाही. शिवाय आरशात हात उलट चालतात, मानेमागचे दिसत नाही, आणि कापडाची कात्री केसाला स्वच्छ न छेदता चेपून सरकवते. म्हणून न आवडलेल्या केशकर्तनाचा पहिला इलाज असा की त्या दिवशी काहीही करू नये. हा उपदेश वैराग्याच्या पोटी आलेला नसून त्यास पदार्थविज्ञानाचा आधार आहे, आणि तो थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे.

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या परस्परांशी दोन तऱ्हांच्या बंधांनी विशेषेकरून जखडलेल्या असतात: एक हायड्रोजनचे दुर्बल बंध, जे नुसत्या पाण्याने सुटतात आणि केस वाळताना तो ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात, दुसरे गंधकाचे बळकट बंध, ज्यांवर केसाचा सरळपणा वा कुरळेपणा पुष्कळसा अवलंबून असतो व जे रसायनांखेरीज सहसा हार जात नाहीत. सलूनातून बाहेर पडताना जो आकार डोक्यावर दिसतो तो कारागिराच्या कंगव्याने आणि गरम हवेच्या यंत्राने पहिल्या प्रकारच्या बंधांवर लादलेला असतो, म्हणजे त्याची मुदत पुढच्या स्नानापर्यंतच. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर तेवढीही नाही. केस घरी धुऊन, आपल्या नेहमीच्या पद्धतीने पुसून, नेहमीच्या जागी भांग पाडून वाळवले म्हणजे मग खरोखर काय कापले गेले आहे याची रुजुवात होते. आणि अनुभव असा की तक्रारींचा बराच मोठा भाग या पहिल्या स्नानातच वाहून जातो.

याच शास्त्राची दुसरी बाजू मात्र तितकी सुखाची नाही. ओला केस कोरड्या केसापेक्षा अधिक ताणला जातो. कुरळ्या केसांवर पाणी मारून, कंगव्याने ओढून धरून, ते खांद्याच्या रेषेवर कापले की वाळल्यानंतर ते आखडून हनुवटीपर्यंत वर चढतात, आणि कापणाऱ्याचा हात निर्दोष असूनही परिणाम सदोष ठरतो. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी ते कोरडे असतानाच कापून घ्यावेत, किंवा ओले कापावयाचे असल्यास दोन बोटे अधिक लांब ठेवावयास सांगावे. भोवऱ्याचेही तसेच. टाळूमागे जो भोवरा प्रत्येकाच्या डोक्यावर असतो तेथील केस मुळापासूनच वर्तुळाकार दिशेने उगवतात. त्यांची लांबी पुरेशी असते तोवर स्वतःच्या वजनाने ते निजून राहतात, पण ते वजन कात्रीने उतरवले की सरळ उभे राहतात. अशा उभ्या राहिलेल्या तुऱ्यावर पाणी चोपडून तात्पुरता बंदोबस्त होतो, कायमचा होत नाही. एक तर तेथील केस इतके बारीक करून घ्यावे की उभे राहण्यास ऐवजच उरू नये, नाही तर ते पुन्हा निजतील इतके वाढू द्यावे.

वाढू द्यावे म्हणजे किती? डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांपैकी दहातील आठ-नऊ कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. वाढीचा वेग महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक. या हिशोबात मोठा दिलासा दडलेला आहे व थोडी निराशाही. मशीनने कापलेल्या केसांत नंबर दोन आणि नंबर चार यांमधील अंतर सहा मिलिमीटरांचे असते, कारण दर नंबरामागे साधारण तीन मिलिमीटर लांबी धरलेली असते. म्हणून चार नंबर सांगितलेला असता दोन नंबर फिरवला गेला तर ती चूक अडीच आठवड्यांच्या आत निसर्गच भरून काढतो आणि त्यासाठी कोणाकडे दाद मागण्याचे प्रयोजन नाही. उलट खांद्यावरचे केस कानापर्यंत आले तर ती सुमारे पंधरा सेंटिमीटरची तूट भरण्यास वर्ष-सव्वा वर्ष लागते. भुवयांवर झालर कापून घेतली आणि ती आवडली नाही, तर तिचे केस कानामागे अडकतील इतके होण्यास सहा ते आठ महिने द्यावे लागतात.

ही मुदत कमी करून देण्याचे आश्वासन देणारी तेले आणि लेप बाजारात विपुल आहेत. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. जे काही वाढते ते मुळाशी, आणि तेथपर्यंत बाटलीतील तेलाचा अंमल चालत नाही. तेल निरुपयोगी आहे असे यावरून कोणी समजू नये. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल व खोबरेल यांची तुलना केली असता, धुण्या-विंचरण्यात होणारा प्रथिनांचा ऱ्हास केवळ खोबरेलाने लक्षणीय कमी होतो असे आढळले. म्हणजे खोबरेल केस वाढवीत नसले तरी आहेत ते तुटू देत नाही, आणि केस वाढवू पाहणाऱ्या मनुष्यास हेही थोडे नाही. दुसरी एक समजूत अशी की एकदा सगळे साफ करून टाकले म्हणजे दाट येतात. जावळ काढताना आजीबाई हीच ग्वाही देतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ स्त्रीने १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत वस्तऱ्याने केसांच्या वाढीचा वेग, रंग वा जाडी यांत काही फरक पडत नाही असे दाखवून दिले आहे. नैसर्गिक केस टोकाशी निमुळता असतो आणि कापलेला बोथट असतो, म्हणून हाताला तो राठ लागतो, इतकेच. तेव्हा बिघडलेल्या डोक्यावर चिडून गोटा करून घेण्याने दाटपणाचा लाभ होत नाही आणि मुदत मात्र पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होते.

आपल्याकडे ही तक्रार फार जुनी नसावी असे मला वाटते. गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता; धोकटी घेऊन तो दारी येई, पारावर वा ओट्यावर गिऱ्हाइकाला उकिडवे बसवी, आणि मोबदला दर खेपेस रोख न घेता खळ्यावर वर्षाचे धान्य म्हणून घेई. घेरा, शेंडी, संजाब, कल्ले हे ज्याचे त्याचे जातीने, वयाने व रूढीने ठरून गेलेले असत. निवडीला जेथे वाव नाही तेथे नापसंतीला कोठून असणार? कामाच्या अखेरीस हातातला छोटा आरसा समोर धरला जाई तो शिष्टाचार म्हणून. पुढे शहरांत केशकर्तनालये निघाली, भिंतभर आरसे आले, खुर्च्या फिरू लागल्या, आणि गिऱ्हाइकास प्रथमच आपले डोके आपल्या देखत बदलताना अर्धा तास न्याहाळता आले. तेथून तक्रारीचा जन्म झाला, असा माझा कयास आहे.

अर्थात ज्या केशवपनाविरुद्ध तक्रार करण्याचीही मुभा नव्हती त्याची गोष्ट वेगळी, आणि ती येथे अनुल्लेखित ठेवणे बरे नव्हे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधील यमूच्या वाट्यास जे आले ते असंख्य विधवांच्या वाट्यास प्रत्यक्षात येत होते. मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवावयाचा नाही असा निर्धार त्या कारागिरांनी केला. स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडून घेतलेल्या त्या निर्णयाकडे पाहता, या व्यवसायातील मनुष्यास निव्वळ कात्रीचा हमाल समजून त्याच्याशी हुज्जत घालणाऱ्यांची मला थोडी लाज वाटते.

म्हणूनच दुरुस्तीसाठी त्याच दुकानात, त्याच कारागिराकडे, तीन-चार दिवसांनी आणि शक्यतो गर्दी नसलेल्या दुपारी जावे असे मी सुचवीन. त्याने काय कापले हे त्याला ठाऊक असते; नवा कारागीर अंदाजाने चालतो. मात्र ‘बिघडवून ठेवलेत’ या आरोपातून त्यास काही कळत नाही. कानावर जाड पट्टा राहिला आहे, मागे पायरी दिसते, कल्ले खालीवर आहेत, असे बोट ठेवून दाखवावे. मशीनची रेघ वा पायरी कंगव्यावर कात्री चालवून पाच-दहा मिनिटांत विरवता येते. दाटपणाचा गठ्ठा दात्यांच्या कात्रीने हलका होतो, पण ती कात्री माफकच चालवू द्यावी, कारण तिने कापलेले आखूड केस पुढे वाढताना वरच्या केसांना टेकू देऊन फुगवतात. कल्ल्यांच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही: अनेकांचे दोन्ही कान एका पातळीत नसतात, आणि कानाच्या मापाने कापलेले कल्ले त्यामुळे समोरून वाकडे दिसतात. ते डोळ्याच्या कोपऱ्यावरून मोजावयास सांगावे. लांबीचे माप इंचांत बोलूच नये; बोट ठेवून किंवा जुने छायाचित्र दाखवून बोलावे, आणि ‘इतके कापा’ असे न म्हणता ‘इतके ठेवा’ असे म्हणावे. दिल्लीच्या खटल्यातील चार इंचांनी याहून अधिक काही शिकवले असेल तर ते वकिलांना.

जे केस वाढवावयाचे आहेत त्यांनाही मधूनमधून कात्री लागते, ही गोष्ट प्रथम ऐकताना विपरीत वाटते. बॉबकट वाढताना मानेवरचे केस खांद्याला आधी पोचतात, कारण त्यांना अंतर कमी आणि टाळूवरच्यांना अधिक. दर सहा-आठ आठवड्यांनी मानेवरचेच तेवढे कापून वरच्यांना गाठण्यास मोहलत दिली नाही, तर मधल्या काळात डोक्याला धड आकार राहत नाही. दरम्यान भांगाची बाजू बदलणे हा सर्वांत स्वस्त इलाज आहे, कारण वर्षानुवर्षे एकीकडे निजलेले केस दुसरीकडे वळवले की मुळाशी उभार येतो आणि आखूडपणा झाकला जातो. आकडे, चाप, रुंद पट्टा, अंबाडा घालण्याइतके केस मागे गोळा होत असतील तर गजरा, ही स्त्रियांची परंपरागत शस्त्रे आहेतच. गंगावन आज थोडे विस्मृतीत गेले आहे, परंतु आपल्या आज्या-पणज्यांनी तुटपुंज्या वेणीची उणीव त्यानेच भरून काढली. त्याला गुंतवून घेण्यापुरते तरी स्वतःचे केस लागतात हे मात्र खरे.

कधी कधी दोष झाकण्यासाठी केलेली योजनाच शोभा होऊन बसते. १९६० साली प्रदर्शित झालेल्या ‘लव्ह इन सिमला’च्या वेळी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना नायिका साधनाचे कपाळ पडद्यावर फार रुंद दिसते असे वाटले. ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर कपाळावर केसांची झालर सोडण्यात आली, आणि पुढे कित्येक वर्षे देशभरातील मुली ‘साधना कट’ मागत राहिल्या. रसायनांचा मार्ग मात्र घाईने धरू नये. कार्ल नेसलर या जर्मन केशरचनाकाराने १९०६ साली लंडनमध्ये टिकाऊ कुरळेपणाचे आपले यंत्र लोकांपुढे मांडले खरे, पण आधीच्या प्रयोगांत त्याच्या पत्नीचे केस जळाले होते. आजची द्रव्ये सौम्य असली तरी गंधकाचे बंध तोडून पुन्हा जोडण्याचे तत्त्व कायम आहे, आणि आखूड केसांवर हा खटाटोप फसला तर कापून टाकण्यास लांबीही शिल्लक राहत नाही.

दिवाळीपूर्वीच्या रविवारी सलूनांत जी दाटी होते ती पाहता घाईत फिरलेल्या मशीनीचे बळी या अंकाच्या वाचकांतही असतील. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानानंतर, तेल-उटणे धुऊन केस नैसर्गिक स्थितीत आले की त्यांनी प्रथम आरसा पाहावा. भाऊबिजेची छायाचित्रे नाइलाजाने आहेत तशी निघतील. लग्नसराईचे बोलायचे तर लक्ष्मीपूजनापासून तुळशीच्या लग्नापर्यंत साधारण बारा दिवस मिळतात, तेवढ्यात केस चार मिलिमीटर वाढतात, म्हणजे मशीनच्या एका नंबराहून थोडे अधिकच. ज्यांना त्यानंतर स्वतःच बोहल्यावर चढावयाचे आहे त्यांनी मुहूर्ताच्या आठ-दहा दिवस आधी केस कापून घ्यावेत, आदल्या दिवशी फक्त मान व कल्ले साफ करून घ्यावेत, आणि कोणतीही नवी फॅशन त्या आठवड्यापुरती तहकूब ठेवावी.