दिसणं आणि पाहणं
मंडळी, आपल्या मेडशीहून अकोला काही लांब नाही. तिथलेच छायाचित्रकार सुधारक ओलवे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी काढले. हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत, अन् माणूस घाणीत उतरलेला. जपानमध्ये कुवाबारा शिसेई यांनी १९६० पासून मिनामाताच्या कोळ्यांचं, पाऱ्याच्या विषबाधेनं मोडलेलं जगणं असंच टिपलं.

आता तुम्ही म्हणाल, सफाई कामगार तर रोज दिसतो, मग फोटो कशाला? दिसतो तो झाडू. माणूस पाहावा लागतो. नुसती कीव करून आपली सुटका होत नाही. २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला उपसायला बंदी आहे, तरी गटारात माणसं मरतातच. उद्या सकाळी गल्ली झाडणाऱ्याला निदान त्याचं नाव विचारा.