मुक्या रुग्णाची भाषा

डॉक्टरांच्या घरचे कुत्रे वा मांजर आजारी पडले, की प्रथम घरातील औषधांचेच कपाट उघडले जाते. पशुवैद्य या नात्याने या मायेतील धोका मला आपणांपुढे मांडावासा वाटतो.

आपण ज्याला ताप म्हणतो, तो पुष्कळदा ताप नसतोच. १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट हे या प्राण्यांचे स्वाभाविक तापमान होय. तो उतरविण्यासाठी दिलेली पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. ग्लुकुरोनिडेशनची क्षमता मांजरात फारच अल्प असते. परिणामी मेथहिमोग्लोबिन वाढते, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा व पंजे सुजतात. ॲसिटिलसिस्टीनचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

प्राणी आपले दुखणे लपवितात. म्हणून अन्नावरची वासना उडणे, कोपऱ्यात दडणे, एकाएकी पाणी अधिक पिणे, अशा सवयींतील बदलांकडे लक्ष ठेवावे.

काही लक्षणे मात्र क्षणाचाही विलंब सोसत नाहीत: धाप लागणे, हिरड्या पांढऱ्या वा निळसर पडणे, न थांबणारे झटके, पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या येणे, पिल्लाला उलट्यांसह रक्ताचे जुलाब होणे. बोका वारंवार लघवीस बसतो आणि थेंबही पडत नाही, तेव्हा त्यास बद्धकोष्ठ समजू नये. मूत्रमार्ग तुंबल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत हृदय थांबू शकते.

गोळी दिली गेलीच असेल, तर तिची पट्टी व दिल्याची वेळ सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्याकडे यावे, एवढीच विनंती.